सुरीच्या धारेला शेवटचा हात : पट्ट्यावर कोणती पेस्ट, किती मायक्रॉनची?

रवाळ

दगडावर धार लावून झाल्यावर चामड्याच्या पट्ट्यावर कोणती पेस्ट वापरावी, याबद्दल नेमकी माहिती हवी आहे.

सुऱ्या तीन आहेत. एक २० सेंमीची स्टेनलेस शेफ सुरी, पात्यावर एक्स५०सीआरएमओव्ही१५ असं कोरलेलं. दुसरी लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेली, साधं पोलाद, लगेच डाग धरणारी. तिसरी घडीची, एस३०व्ही पोलादाची. दगड दोन, १००० आणि ३००० नंबरचे. पट्टा ५ × २५ सेंमी, फळीवर चिकटवलेला, चामड्याची गुळगुळीत बाजू वर. त्यावर बफिंगवाल्यांच्या दुकानातली हिरवी वडी चोळलेली.

अडचण अशी : स्टेनलेस सुरी पट्ट्यावरून आल्यावर कागद सरळ कापते, पण दोन-तीन कांदे चिरले की टोमॅटोवरून घसरते. कमानपाट्याची सुरी उत्तम चालते. एस३०व्हीला हिरव्या वडीने नुसती चकाकी येते, धारेत फरक जाणवत नाही. हिऱ्याच्या पेस्टमध्ये ६, ३, १, ०.५, ०.२५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असे प्रकार दिसतात. यातलं काय घ्यावं? की वडीच बदलावी?

---

निसणा

पेस्टचं नंतर पाहू. स्टेनलेसचं जे लक्षण तुम्ही लिहिलंय ते पेस्टचं नाही, बरचं आहे.

एक्स५०सीआरएमओव्ही१५ म्हणजे अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, आणि कारखान्यातून साधारण ५५ ते ५७ एचआरसीला (रॉकवेल मापातला कडकपणा) येणारं पोलाद. चिवट आहे. दगडावर घासताना धारेच्या टोकाला जी पातळ पापडी, म्हणजेच बर, निघते ती तुटत नाही, या बाजूने त्या बाजूला नुसती लवते. मऊ पट्ट्यावर सुरी फिरवली की ही पापडी सरळ उभी राहते. उभी पापडी कागद झकास कापते, कारण ती खऱ्या धारेपेक्षाही पातळ असते. दोन कांदे चिरून पाटावर आपटली की आडवी पडते, आणि मग टोमॅटोवर घसरणारी कड खाली राहते. याला कुठलीही पेस्ट लावा, गोष्ट तीच होणार.

बर दगडावरच काढायची. ३००० वर दोन्ही बाजू झाल्या की कोन २ ते ३ अंशांनी वाढवा, धार पुढे ठेवून (म्हणजे दगडाची साल काढल्यासारखी) एक हात डावीकडून, एक उजवीकडून, असे ५-६ जोड. दाब जवळजवळ नाहीच, सुरीचं स्वतःचं वजन पुरे. मग कोन पुन्हा मूळचा करून दोन-तीन हलके हात.

तपासणी : अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत धारेवर समोरून टाका. बर असली तर एका बाजूने बारीक चमकती रेघ दिसते आणि सुरी पलटली की नाहीशी होते. दुसरी चाचणी कापसाची. कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे ओढत टोकाबाहेर न्यायचा, दोन्ही बाजूंनी. एका बाजूने तंतू अडकले की बर त्या बाजूला झुकलेली. दोन्हीकडून सुळकन गेला तर पट्ट्याकडे वळायला हरकत नाही.

---

धातुकण

निसणा यांच्याशी सहमत. आता पेस्टचं, कारण एस३०व्हीबद्दलचा तुमचा अनुभव पोलादाच्या रचनेतूनच समजतो.

धार म्हणजे एकजिनसी पदार्थ नव्हे. मूळ पोलादात कार्बाइडचे (धातू आणि कार्बनच्या संयुगाचे) कडक कण रुतलेले असतात, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे. कडकपणाच्या विकर्स मापात ६० एचआरसीचं मूळ पोलाद सुमारे ७००. लोखंडाचं कार्बाइड १००० च्या आसपास, क्रोमियमचं १५०० किंवा थोडं वर, व्हॅनेडियमचं २८०० च्या घरात. आता घासणारे पदार्थ पाहा. ॲल्युमिनियम ऑक्साइड सुमारे २०००. क्रोमियम ऑक्साइड, म्हणजे हिरव्या वडीतला मुख्य घटक, कडकपणाच्या १ ते १० च्या मोह्ज मापावर ८ ते ८.५, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या थोडं खाली. हिरा आणि क्युबिक बोरॉन नायट्राइड या सगळ्यांच्या खूप वर.

कमानपाट्याचं पोलाद आपल्याकडे बहुधा ईएन४५ (स्प्रिंगचं पोलाद) किंवा त्याचा भाऊबंद. त्यात मोठी, कडक कार्बाइडं जवळपास नाहीत. हिरवी वडी त्याला सगळीकडे सारखं खाते, म्हणून ती सुरी छान चालते. एक्स५०मध्ये थोडी क्रोमियम कार्बाइडं आहेत, तिथेही हिरवी चालते. एस३०व्हीमध्ये ४ टक्के व्हॅनेडियम आहे, कार्बाइडचे कण साधारण २ ते ४ मायक्रॉनचे. क्रोमियम ऑक्साइडचा कण या कार्बाइडला कापू शकत नाही. तो भोवतालचं मऊ पोलाद घासून चकचकीत करतो आणि कार्बाइड जसंच्या तसं राहतं. चकाकी वाढते, टोक सुधारत नाही, ती अशी.

त्यामुळे एस३०व्ही, एस९०व्ही (९ टक्के व्हॅनेडियम), एम३९० असल्या पोलादांना हिरा किंवा क्युबिक बोरॉन नायट्राइड घ्या. बाकी दोघींना हिऱ्याची सक्ती नाही.

---

पापलेट

एक विरोधी मत नोंदवतो. सगळा धागा "अजून बारीक, अजून बारीक" या दिशेने जाईल, त्याआधीच.

स्वयंपाकघरात आरशासारखी धार बहुतेक कामांना वाईट. टोमॅटोची साल, ढोबळी मिरची, वांगं, पावाचा कडक पापुद्रा, मासळीची कातडी, सगळीकडे धारेला थोडे सूक्ष्म दात लागतात. हे दात साल पकडतात आणि तिथून काप सुरू होतो. ०.२५ मायक्रॉनपर्यंत घासलेली सुरी दाबून कापताना मऊ जाते, पण ओढून कापताना सालीवरून सरकते. सुरमईचे काप, पापलेटचं पोट उघडणं, चिकनची कातडी, यांना १००० च्या दगडानंतर बर काढून ३ मायक्रॉनचे मोजके ४-५ हात पुरतात. उलट दाबून कापायचं काम, म्हणजे बारीक कोथिंबीर, चिरलेली पालेभाजी, बिनहाडाच्या मांसाचे पातळ काप, यांना १ मायक्रॉनपर्यंतची धार उत्तम.

०.५ च्या खालचं सगळं वस्तऱ्यासाठी आणि लाकूडकामाच्या हत्यारांसाठी. स्वयंपाकाच्या सुरीसाठी त्यात पैसे घालू नका.

---

सुतारपक्षी

पापलेट यांचं म्हणणं मासळीला लागू, सगळीकडे नाही. कोरीवकामाच्या पटाशीला आणि गोल पटाशीला आरसा लागतोच, कारण तिथे लाकडाच्या रेषांना आडवा काप चकचकीत यावा लागतो आणि मऊ लाकडाचे तंतू फाटता कामा नयेत. धार कशाला लावायची ते आधी ठरवा, मायक्रॉन त्यावरून.

पण मला पट्ट्याबद्दल बोलायचंय. पेस्ट कशावर लावली यावर धार निम्मी ठरते. मऊ, जाड चामडं दाबाखाली बसतं आणि सुरी पुढे सरकली की तिच्या मागे वर उसळतं. उसळताना ते टोकाला गोल करतं. म्हणजे दगडावर १५ अंश काढलेत, पण टोकाशी पट्ट्याने २०-२२ केलेत. दहा-बारा वेळा असं झालं की सुरी चकचकीत आणि बोथट, दोन्ही एकाच वेळी.

माझ्या मते नव्या माणसाने पहिला पट्टा चामड्याचा करूच नये. १२ मिमी जाडीचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा, ६ × २५ सेंमी, वरची बाजू ४०० च्या पॉलिशपेपरने सपाट करून घ्यायची. त्यावर पेस्ट. दबत नाही, कोन जसा धरला तसाच राहतो. बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) मिळालं तर आणखी चांगलं, हिऱ्याचे कण त्यात नीट रुततात. सागाची फळी खाली आधाराला ठेवा, पण तिच्यावर थेट पेस्ट लावू नका. सागाची छिद्रं उघडी असतात, शिवाय सागात मुळातच सिलिका असते, रंध्याच्या पात्याला विचारा. कुठे काय घासलं जातंय ते कळत नाही.

---

कमावलेलं कातडं

चामडं सरसकट वाईट ठरवू नका. कुठलं चामडं, हे विचारा.

क्रोमने कमावलेलं चामडं मऊ, लवचिक. बॅगा, जॅकेटं, बुटांचे वरचे भाग यांचं. ते पट्ट्याला नको. झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेलं, घट्ट असतं. कोल्हापुरी चपलेच्या तळव्याला हेच लागतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर पट्ट्यात चपला करणाऱ्यांकडे तळव्याच्या चामड्याचे कडेचे तुकडे मागितले तर मिळतात. २ ते ३ मिमी जाडी, पाठीच्या भागाचं मागा. पोटाचं चामडं सैल असतं, ताणलं जातं.

अंगठ्याचं नख दाबून पाहा. खूण लगेच नाहीशी झाली नाही आणि खोलही गेली नाही, तर योग्य. बोट रुतलं तर परत द्या.

चिकटवताना रबरी डिंक (बूटवाल्यांचा) दोन्हीकडे पातळ, १० मिनिटं सुकू द्यायचा, मग एका टोकाकडून लाटण्याने दाबत जायचं. हवा राहिली तर तिथे फुगवटा येतो आणि त्या जागी धार गोल होते. वर वजन ठेवून रात्रभर.

आणि गुळगुळीत बाजू की खरखरीत? बारीक पेस्टला (१ मायक्रॉन आणि खाली) गुळगुळीत बाजू, पण नवी असेल तर २४० च्या पेपरने तिची चकाकी नुसती उडवा, नाहीतर पेस्ट धरत नाही. खरखरीत बाजू वडीला बरी, कारण मेण तिच्या केसांत बसतं. पण ती जास्त दबते, हे सुतारपक्षींचं म्हणणं तिथे खरं.

---

रवाळ

बर काढण्याची पद्धत आणि कापसाची चाचणी केली. स्टेनलेसला डावीकडून तंतू अडकत होते. दगडावरचे ते सहा जोड केल्यावर दोन्हीकडून साफ. पट्ट्याआधीच टोमॅटो कापते.

आता पुढचे प्रश्न. १) हिऱ्याच्या पेस्टवर डब्ल्यू१, डब्ल्यू३.५, डब्ल्यू१० असे आकडे दिसतात. हे ग्रिट, म्हणजे दगडावर असतो तसा नंबर, आहे का? २) ३००० च्या दगडानंतर कोणता मायक्रॉन? ३) हिरवी पावडर रंगाच्या दुकानात "क्रोम ग्रीन" नावाने सुटी मिळते. तेलात कालवून चालेल?

---

धातुकण

तिसऱ्याचं आधी, कारण ते आरोग्याचं आहे. ती पावडर वापरू नका. "क्रोम ग्रीन" नावाने विकला जाणारा रंग पुष्कळदा क्रोमियम ऑक्साइड नसतोच. क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू यांचं ते मिश्रण असतं, आणि क्रोम यलो म्हणजे शिशाचं क्रोमेट. शिसंही विषारी आणि सहा-संयुजी क्रोमियमही. स्वयंपाकाच्या सुरीजवळ त्याचं काही काम नाही. पट्ट्यावरचं हिरवं म्हणजे "क्रोमियम ऑक्साइड ग्रीन", त्यातलं क्रोमियम तीन-संयुजी, ते स्थिर आणि पाण्यात न विरघळणारं. नाव पूर्ण लिहिलेलं नसेल तर सोडून द्या. आणि पेस्ट कुठलीही असो, पट्ट्यानंतर सुरी भांड्यांच्या साबणाने धुवायची, मगच भाजीला लावायची.

याच ओघात : गेरू, रेड ऑक्साइडचा प्रायमर, व्हॉल्व्ह घासायची कार्बोरंडम पेस्ट, दातांची पेस्ट, हे सगळे पर्याय कुणीतरी सुचवतंच. गेरूत लोहाच्या ऑक्साइडसोबत माती आणि वाळूचे कण येतात, आकाराचा काही नेम नाही. प्रायमरमध्ये रेझिन. व्हॉल्व्ह पेस्ट इतकी भरड की १००० च्या दगडाचं काम पुसून टाकेल. दातांच्या पेस्टमध्ये बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट, ते मोह्जवर ३, पोलादाला ओरखडाही काढत नाही. सोनारांचं लाल रूज शुद्ध असतं, पण लोहाचं ऑक्साइड सहाच्या आतबाहेर. ते सोन्या-चांदीसाठी, कडक केलेल्या पोलादावर फार सावकाश.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : डब्ल्यू म्हणजे ग्रिट नव्हे, कणाची वरची मर्यादा मायक्रॉनमध्ये. डब्ल्यू३.५ मध्ये साधारण २.५ ते ३.५ मायक्रॉनचे कण. आकडा वाढला की भरड होतं. दगडावर उलटं असतं, म्हणून लोक डब्ल्यू१० ला "जास्त बारीक" समजून घेतात आणि आधीचं काम खराब करतात. १० मायक्रॉन म्हणजे जवळपास १००० चाच दगड.

दुसरं. जपानी मानकाप्रमाणे दगडांचा सरासरी कण असा : १००० म्हणजे ११.५ मायक्रॉन, २००० म्हणजे ६.७, ३००० म्हणजे ४, ४००० म्हणजे ३, ६००० म्हणजे २, ८००० म्हणजे १.२. पेस्टचा कण दगडाच्या कणाच्या एक तृतीयांश ते एक चतुर्थांश घ्यावा. १००० नंतर ३ मायक्रॉन, ३००० नंतर १, ८००० नंतर ०.५ किंवा ०.२५. मधली पायरी गाळून १००० वरून एकदम ०.२५ वर उडी मारली तर डोंगरांची नुसती शिखरं घासली जातात, दऱ्या तशाच राहतात. बाहेरून चमक, आत चरे.

म्हणून तुमच्यासाठी : एस३०व्हीला १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट. स्टेनलेस आणि कमानपाट्याला तीच चालेल, किंवा चांगली हिरवी वडी. तीन-चार सिरिंजा घेऊ नका.

---

निसणा

"चांगली" हिरवी वडी म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण तिथेच फसगत होते.

वडीच्या रंगाला कुठलंही मानक नाही. प्रत्येक कारखाना आपापले रंग ठरवतो. हिरवी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वड्यांत क्रोमियम ऑक्साइड थोडं आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड बरंच असतं, तेही कधी कधी काही मायक्रॉनपर्यंत भरड. शुद्ध क्रोमियम ऑक्साइड अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. घेताना कण किती मायक्रॉनचा ते विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर ती स्टीलची भांडी बफ करायची वडी आहे असं धरून चाला. सुरीला घातक नाही, पण तुमच्या ३००० च्या दगडापेक्षा बारीक आहेच असं नाही.

घरी तपासायचं असेल तर चिमूटभर वडी रॉकेलमध्ये विरघळवा, काचेवर पसरून वर दुसरी काच हळू फिरवा. करकर जाणवली किंवा काचेवर डोळ्याला दिसणारे चरे उमटले तर ती वडी बारीक कामाची नाही.

पांढरी वडी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड, स्टेनलेसला चांगली कापते. तपकिरी बहुधा ट्रिपोली, म्हणजे सिलिका, पितळ-ॲल्युमिनियमसाठी. काळी-करडी बहुधा एमरी, भरड. सगळीकडे "बहुधा" लिहितोय ते मुद्दाम.

---

धातुकण

हिऱ्याची पेस्ट कुठून घ्यावी हा प्रश्न येईलच. सुरीवाल्यांच्या ऑनलाइन दुकानांपेक्षा मेटॅलोग्राफीचं साहित्य विकणाऱ्यांकडे बघा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी धातूचे नमुने घासायला ६, ३, १, ०.२५ मायक्रॉनचीच पेस्ट लागते. त्यांच्यासाठी येणाऱ्या मालात कणांची प्रतवारी काटेकोर असते. १ मायक्रॉनच्या पेस्टमध्ये चुकून ८ मायक्रॉनचा एक कण आला तर नमुन्यावर चरा दिसतो, म्हणून. सुरीलाही नेमकं तेच हवंय.

वेष्टनावर दोन गोष्टी बघा. पाण्यात मिसळणारी की तेलात मिसळणारी. आणि हिऱ्याचं प्रमाण, कॅरटमध्ये (१ कॅरट = ०.२ ग्रॅम). स्वस्त सिरिंजमध्ये नुसता रंगीत ग्रीसच जास्त असतो.

---

रवाळ

१ मायक्रॉन, तेलात मिसळणारी, ५ ग्रॅमची सिरिंज घेतो. चामड्यावर किती लावायची? आणि ज्या पट्ट्यावर हिरवी वडी आहे त्याच पट्ट्यावर चालेल का?

---

सुतारपक्षी

त्याच पट्ट्यावर अजिबात नको. एक पट्टा, एक पेस्ट. फळीच्या मागच्या बाजूला दुसरं चामडं चिकटवलंत तरी चालेल, पण बाजूवर मायक्रॉनचा आकडा लिहा. आणि भरड पेस्टवरून बारीक पेस्टवर जाताना सुरी धुऊन पुसा. एक भरड कण बारीक पट्ट्यात गेला की पट्टा नासला असं समजायचं.

५ × २५ सेंमीला मोहरीएवढे ८ ते १० ठिपके, अंतराअंतराने. प्लास्टिकचा तुकडा बोटाला गुंडाळून चोळत पसरा. चामडं कोरडं असेल तर आधी मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब चोळा. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि काही महिन्यांनी खवट होतं. पसरल्यावर चामड्याचा मूळ रंग खालून दिसला पाहिजे. दिसत नसेल तर जास्त झालं. जास्त पेस्टचे गोळे होतात, सुरी त्यांच्यावरून चढ-उतार करत जाते आणि टोक गोल होतं. एमडीएफवर याच्या निम्मी.

वडी असेल तर पट्टा आणि वडी दोन्ही हेअर ड्रायरने कोमट करून खडूसारखी रेघोटी मारायची. थापायची नाही.

पट्ट्यावर काळे पट्टे उमटले की समजा पोलाद निघतंय. ते काळं साठून चकचकीत झालं की पेस्ट काम थांबवते. नवी पेस्ट वर चढवू नका. आधी सुरीच्या पाठीने हलकं खरवडा, मग कापडाला रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, सुकू द्या, मग दोन-तीन ठिपके.

---

निसणा

आता हात कसा चालवायचा ते, कारण पेस्ट बरोबर घेऊनही बहुतेक लोक इथे धार घालवतात.

दिशा : पाठ पुढे, धार मागे. कायम.

कोन : पाठ किती उचलायची हे अंदाजाने ठरवू नका. पातं ५ सेंमी रुंद असेल आणि कोन एका बाजूचा १५ अंश हवा, तर पाठ पट्ट्यापासून १३ मिमी वर. ४ सेंमीचं पातं आणि २० अंश, तर १३ ते १४ मिमी. तेवढ्या जाडीचा लाकडाचा ठोकळा पट्ट्याशेजारी ठेवून सुरुवातीला ताडून बघा. पात्याच्या उताराला (धारेलगतचा घासलेला तिरका पट्टा) मार्करने काळं करा, दोन हात मारा. काळं टोकापर्यंत पुसलं गेलं तर कोन बरोबर. फक्त खांद्यावर (उताराच्या पाठीकडच्या कडेवर) पुसलं तर कोन कमी, फक्त टोकाच्या रेषेवर पुसलं तर जास्त. चामड्यावर दगडापेक्षा अंशभर कमीच धरा, दबणारं चामडं तेवढा भरून काढतं.

दाब : पट्टा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. १५० ते २०० ग्रॅम. एवढंच. पहिल्यांदा मोजणाऱ्याचा आकडा बहुतेकदा हजाराच्या वर जातो.

शेवट : पट्ट्याच्या टोकाला आधी थांबा, मग सुरी सरळ वर उचला. मनगट वळवून उचलली की त्या क्षणी धार चामड्यात रोवली जाते. दहा चांगल्या हातांचं काम एका उचलण्यात जातं.

किती : बर नसेल तर १ मायक्रॉन हिऱ्यावर एका बाजूला ६ ते ८, मग एकाआड एक ५ जोड. हिरव्या वडीवर १५ ते २०. चिवट स्टेनलेसवर हिऱ्याने जास्त हात मारले किंवा दाब दिला तर पट्ट्यावरच नवी बर येते, हे लक्षात ठेवा. कापसाची चाचणी पट्ट्यानंतरही करा.

बफिंगच्या मोटरवर सुरी धरण्याचा मोह टाळा. धारेचं टोक क्षणात तापतं आणि त्याचं पाणी उतरतं (कडकपणा जातो), रंग बदललेला दिसायच्या आधीच. शिवाय चाक सुरी हिसकावून भिरकावतं, ती कुठे जाईल ते सांगता येत नाही.

---

आडोळी

विषयाला धरून एक शंका. विळीचं पातं पाटाला ठोकलेलं असतं, ते पट्ट्यावर कसं फिरवायचं? आणि कोयत्याला पट्टा मारावा का?

---

निसणा

विळीला पट्टा फिरवायचा, विळी नाही. अडीच सेंमी रुंद, २० सेंमी लांब पट्टी घ्या, तिला चामडं. पात्याला बाक आहे, म्हणून रुंद फळी टेकत नाही. बाकाच्या आतल्या बाजूला तर २ सेंमी जाडीच्या गोल दांड्याला चामडं गुंडाळूनच जावं लागतं. पट्टी पाठीकडून धारेकडे न्यायची आणि धारेबाहेर काढायची, परत येताना उचलून आणायची. उलट दिशेने घासलीत तर चामडं कापलं जाईल आणि पाठोपाठ बोट. वरच्या नारळ खवायच्या दात्यांवर जाड फडकं बांधा, हात तिथेच आपटतो. विळी घडी करून ठेवायची असली तर खिळ्याचा सैलपणा आधी काढा. पातं हललं तर कोन राहत नाही.

उतार दोन्ही बाजूंनी आहे की एकीकडूनच, ते आधी नीट पाहा. एकीकडूनच असेल तर उताराच्या बाजूला सगळे हात, आणि सपाट बाजूला पट्टी पूर्ण टेकवून नुसते दोन, बर काढण्यापुरते. विळीचं पोलाद बहुधा साधं असतं, हिरवी वडी पुरे.

उसाच्या कोयत्याला पट्ट्याची गरज नाही. तिथे धार आघात झेलते, माती-वाळू घेते. बारीक कानसीने किंवा भरड दगडाने कोन जरा मोठा ठेवून बर काढली की झालं. चकाकी पहिल्याच सरीत जाते.

---

पापलेट

चाचणीबद्दल एक. वर्तमानपत्राच्या कागदाला तंतूंची दिशा असते. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सुरी नेहमी त्या दुसऱ्या दिशेने कापून बघा, नाहीतर बोथट सुरीही पास होते. आणि पात्याची पूर्ण लांबी ओढा. मुठीजवळचे ३ सेंमी आणि टोकाकडचे ३ सेंमी, पट्ट्यावर हेच दोन भाग सुटतात. टोमॅटोवर सुरी नुसती टेकवायची, दाबायचं नाही, ५ सेंमी मागे ओढायची. साल उघडली तर पट्टा थांबवा. तिथून पुढचे हात धारेचे दात पुसतात.

---

रवाळ

एमडीएफवर १ मायक्रॉन, एका बाजूला ८ हात आणि ५ जोड, दाब काट्यावर १८० ग्रॅमच्या आसपास. एस३०व्ही आता वर्तमानपत्र आडव्या दिशेने कापते, सुरुवात करताना कागद वाकत नाही. फक्त टोकाकडच्या २ सेंमीमध्ये अडखळते. मार्कर लावल्यावर तिथे काळं उताराच्या खांद्यावरच पुसलं जातंय.

---

निसणा

म्हणजे टोकाकडे कोन कमी पडतोय. पातं जिथे टोकाकडे वळतं तिथे मूठ किंचित वर उचलत न्यायची, म्हणजे धारेचा जो भाग पट्ट्याला टेकलाय तो पट्ट्याच्या लांबीशी काटकोनात राहतो. मूठ पाव इंच उचलली तरी पुरतं. आधी पेस्ट नसलेल्या फळीवर मार्कर लावून सवय करा.

---

कमावलेलं कातडं

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एवढं. कोकणात आणि घाटमाथ्यावर चामड्याचा पट्टा उघडा ठेवलात तर आठवड्यात बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमटपणा कोंडतो. वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या कपाटात उभा ठेवा, शेजारी सिलिका जेलची पुडी. पांढरी बुरशी आलीच तर कोरड्या कापडाने बाहेर, मोकळ्यावर पुसा, मग अल्कोहोलचं फडकं, सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं की चामडं आखडतं आणि फळीवरून कडा सुटतात.

एमडीएफची कड पाणी लागलं की फुगते. कडांना व्हार्निशचा एक हात द्या, वरची बाजू मात्र कोरडीच.

आणि कमानपाट्याची सुरी पट्ट्यावरून काढल्यावर धुऊन लगेच कोरडी पुसा, धारेवर मिनरल ऑइलचं बोट फिरवा. नुकत्या घासलेल्या धारेवर आंबट-ओलं काही राहिलं तर त्या पातळ टोकालाच आधी गंज खातो. उघड्या डोळ्यांना तो दिसत नाही, टोमॅटोवर मात्र दुसऱ्या दिवशी कळतो.